शंभराचा दिवा आणि पन्नासाचा

आकडा खोटे बोलत नाही, आणि जो आकड्याच्या बाजूने उभा राहतो त्याला जगात कुणाचे भय नाही. महाडच्या शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवीत असे तेव्हा दर जूनला पहिल्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढीत असे. रेघ सरळ येई. वाक्याची मात्र मी कधी तपासणी केली नव्हती. ते वजनदार वाटे, आणि तासातली पाच मिनिटे त्यात सहज जात.

त्या काळी गावात वीज नव्हती. शाळेत ती शिकवावी लागे. काचेच्या कपाटात अँपिअर मोजण्याचे एक यंत्र होते, नवसागराच्या पाण्याचे दोन घट होते आणि तांब्याच्या तारेचे एक वेटोळे होते. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम मिळतात, म्हणजे तार विजेला किती अडवते ते कळते. आणि व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात, म्हणजे दिवा किती शक्ती खातो ते कळते. मुले हे पाठ करीत, परीक्षेत लिहीत, आणि घरी जाऊन रॉकेलच्या कंदिलाची काच पुसत. मीही तेच करी.

ही हकीगत तिसाव्या सालानंतरच्या एका शिमग्याची आहे. पोलादपूरच्या पुढे, मोटाररस्त्यापासून कोसभर आत, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. सारे गाव एकाच भावकीचे, पण तिच्या दोन पात्या: थोरली आणि धाकटी. दोघींचे वैर कशावरून सुरू झाले ते कुणालाच ठाऊक नव्हते. कुठवर आले ते मात्र ज्याला त्याला अंगावर दाखवता येई. थोरल्यांत एकाला डावा डोळा नव्हता. धाकट्यांत दोघे लंगडत आणि एकाच्या पंजाला तीनच बोटे होती. शिमग्यात देवाची पालखी देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर बसे. त्या चौथऱ्याला तिकडे सहाण म्हणतात. पालखी बसली की मानावरून काठ्या निघत. पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, पहिला अंगारा कुणाच्या कपाळाला. सहाणेची उजवी बाजू थोरल्यांची आणि डावी धाकट्यांची, एवढी एकच गोष्ट वादाबाहेर होती. तीसुद्धा दोन माणसे मेल्यानंतर.

गावात भाताची एक गिरण होती. मालक मुंबईला असे. इंजिन चालवायला त्याने एक फिटर ठेवला होता. हा फिटर कुडपणकडचा. दहा-बारा वर्षे मुंबईच्या एका कापडगिरणीत विजेच्या खात्यात काम करून परतलेला. पस्तिशीचा, कमी बोलणारा, आणि या गावाच्या दोन्ही पात्यांना परका. एका बुडालेल्या फिरत्या सिनेमावाल्याकडून मालकाने जुना डायनामो घेऊन ठेवला होता, संगमरवरी पाटीवर बसवलेल्या व्होल्ट मोजायच्या घड्याळासकट. तो फिटरने गिरणीच्या इंजिनाला जोडला, आणि त्या वर्षी गावाने ठरवले की पालखीपुढे विजेचे दिवे लावायचे. दोन दिवे. उजवीकडे थोरल्यांचा, डावीकडे धाकट्यांचा, ज्याने त्याने आपला आणायचा.

थोरल्यांनी मुंबईतल्या आपल्या माणसांना लिहिले, सगळ्यांत मोठा आणा. त्यांनी जुन्या बाजारातून शंभर वॅटचा दिवा धाडला. धाकट्यांची माणसे त्याच दुकानात दोन दिवस उशिरा पोचली. त्यांना पन्नासाचा मिळाला. थोरल्यांनी हे ऐकले तेव्हा त्यांना फार बरे वाटले. काठी न उचलता एक मान पदरात पडण्याची ती पहिलीच वेळ.

अडचण फिटरपुढे होती. दोन्ही दिवे शंभर व्होल्टचे आणि डायनामो दोनशेचा. सरळ जोडले असते तर दोन्ही क्षणात जळून गेले असते. म्हणून त्याने कोणत्याही समजदार माणसाने केले असते तेच केले. दिवे एकामागे एक, एकाच तारेत ओवले, म्हणजे दोनशे व्होल्ट दोघांत वाटले जातील. तार निघाली की लगेच वाद निघाला. वीज आधी कुणाच्या दिव्यात जाणार? थोरल्यांनी स्पष्ट सांगितले की धाकट्यांच्या दिव्यातून आलेली उष्टी वीज देवापुढे चालणार नाही. फिटर म्हणाला, तार आधी तुमच्याकडेच येते. मग धाकट्यांनी त्याला गाठले. त्यांना तो म्हणाला, तारेला दोन टोके असतात, दुसऱ्या टोकाकडून मोजले तर पहिले तुम्हीच. दोन्ही पात्या आपापल्या घरी पहिल्या झाल्या. मुंबईत माणूस एवढे शिकून येतो.

त्या दिवशी दुपारी फिटर धाकट्यांच्या पंगतीत जेवला. त्यांनी बोलावले, त्याला भूक होती, तो जेवला. हे पाहणारी पंचवीस माणसे होती.

दिवेलागणीला इंजिन सुरू झाले. उजवीकडचा शंभराचा दिवा विझत आलेल्या शेणीसारखा तांबूस धुमसत राहिला. डावीकडचा पन्नासाचा असा पांढरा फुलला की त्याच्याकडे बघवेना. असे सांगतात की ढोल आपोआप थांबले. धाकट्यांतला एकजण म्हणाला, "देवाला कळतंय कोन थोरलं ते." एवढे वाक्य पुरले.

मी तिथे नव्हतो, पण पुढे दोन्हीकडून जे ऐकले त्यात फारसा फरक नव्हता. जखमांच्या बाबतीत ती माणसे प्रामाणिक होती. बोलणाऱ्याच्या तोंडावर पहिली काठी बसली आणि त्याचे पुढचे चार दात सहाणेवर पडले. मग दोन्हीकडून काठ्या, मग होळीतली अर्धवट जळलेली लाकडे, मग कोयते. थोरल्यांतल्या एकाचा कान कोयत्याने निघाला, आणि तो शोधायला वाकला तेव्हा पाठीवर दुसरा वार बसला. धाकट्यांच्या एका म्हाताऱ्याला चौघांनी उचलून होळीच्या निखाऱ्यांत बसवला. ढोल फुटला, ढोल वाजवणाऱ्याचे मनगट फुटले. पालखीला कुणी हात लावला नाही. आणि इतका वेळ दोन्ही दिवे जळतच होते, एक तांबूस आणि एक पांढरा, कारण गिरणीत इंजिनापाशी बसलेल्या फिटरला बाहेरचे काही ऐकू येत नव्हते. मारामारी दिसावी एवढा उजेड गावाला त्या वर्षी पहिल्यांदाच मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला धोतराचा फाडलेला पट्टा, त्यातून रक्त येऊन भुवईवर वाळलेले. पायांतल्या वहाणा त्याने बाहेर काढल्या आणि हात जोडले.

"मास्तर, तुमी विजेचं शिकिवता ना?"

मी होय म्हणालो.

"मंग येक सांगा. शंभराचा दिवा मोठा का पन्नासाचा?"

असा प्रश्न मला शाळेबाहेरच्या कुणी विचारला नव्हता. दोन शिक्षक जवळ उभे होते. मी खडू हातात घेतला. वॅट म्हणजे काय ते सांगितले, व्होल्ट गुणिले अँपिअर ते सांगितले, आणि शेवटी म्हणालो, "शंभराचा दिवा पन्नासाच्या दुप्पट शक्ती घेतो. त्याचा उजेड जास्तच पडणार. यात मतभेदाला जागा नाही."

"ल्हान दिवा जास्त पेटला तर?"

"तर कुणीतरी लबाडी केली."

त्याने मान हलवली, समाधानाने. आता मी विचारले की हे कशासाठी. तेव्हा त्याने आदल्या दिवसाची सगळी हकीगत सांगितली, कानाची आणि निखाऱ्यांची, आपण थोरल्या पातीचे हेही सांगितले, आणि वहाणा घालता घालता म्हणाला, "फिटर लबाड हाय असं आमी म्हनतच व्हतो. त्यांच्या पंगतीत जेवला ना तो. ज्या उजव्या हातानं त्यांचं खाल्लं त्याच हातानं तार बांधली. आमच्या म्होरक्यानं, आबांनी, देवापुढं बोलून ठेवलंय, त्याचा हात मोडायचा. आमच्यातलंच कोन म्हनालं, आधी शिकल्या मान्साला इचारा, उगा अन्याय नको. म्हनून उद्या दुपारपोत थांबलोय. आता तुमचा शबुद मिळाला."

तो मोटारीच्या अड्ड्याकडे गेला. मी तासाला गेलो.

त्या तासाला काय शिकवले ते मला आठवत नाही. एवढे आठवते की पुस्तकातले गणित फळ्यावर घेतले होते, एकामागे एक जोडलेल्या दोन तारांचे, आणि मधेच माझा हात थांबला. त्या माणसाने सांगितले होते की फिटरने दोन्ही दिवे एकाच तारेत ओवले. मी ते ऐकले होते आणि त्याचा विचार केला नव्हता. मोठा दिवा मोठा असतो हे मला माहीत होते, आणि माहीत असलेल्या गोष्टीचा विचार मी सहसा करीत नसे.

मी फळ्यावरचे पुसले आणि दुसरे गणित लिहिले. शंभर व्होल्टवर शंभर वॅट खाणारा दिवा एक अँपिअर घेतो. शंभराला एकाने भागले, त्याचा रोध शंभर ओहम. पन्नास वॅटवाला अर्धा अँपिअर घेतो. शंभराला अर्ध्याने भागले, त्याचा रोध दोनशे. लहान दिवा विजेला दुप्पट अडवतो. एकामागे एक जोडले की एकूण तीनशे ओहम. दोनशे व्होल्टला तीनशेने भागले की दोन तृतीयांश अँपिअर, आणि तो दोघांतून सारखाच जाणार, आधी कुणाचा दिवा असो. म्हणजे थोरल्यांच्या दिव्याच्या वाट्याला सदुसष्ट व्होल्ट आणि धाकट्यांच्या वाट्याला एकशे तेहेतीस. गुणाकार केला. शंभराचा दिवा चव्वेचाळीस वॅटवर जळत होता आणि पन्नासाचा एकोणनव्वदवर.

फिटरने काहीही लबाडी केली नव्हती. लबाडी केली नव्हती म्हणूनच लहान दिवा जास्त पेटला होता.

त्या दिवशीची शेवटची मोटार गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या मोटारीत मी अँपिअरचे यंत्र पंचात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो. मोटारवाल्याला सगळे आधीच माहीत होते. त्या रस्त्यावर बातमी मोटारीच्या पुढे धावे.

"मास्तर, तुमीच ना ते, फिटराला लबाड ठरिवलंत?" तो म्हणाला. "बराच वेळ वाचला म्हनतात त्यांचा. न्हायतर अजून इचारच करत बसले असते."

पोलादपूरच्या पुढे, फाट्यावर मी उतरताना तो म्हणाला, "सांभाळून जा. गावात शिरताना हातात काय हाय ते दिसू द्या. पंचात गुंडाळलेलं बगून कोयता समजतील."

मी यंत्र पंचातून काढून छातीशी धरले आणि कोसभर तसाच चाललो.

गावाच्या सुरुवातीलाच रस्त्यावर काठ्या घेतलेले चौघे बसले होते. एकाच्या गळ्यात हात अडकवलेला, एकाचे तोंड असे सुजलेले की डोळे शोधावे लागत. त्यांनी मला नाव-गाव विचारले नाही, यंत्राकडे बोट दाखवून "ह्ये चावतं काय?" असे एकाने विचारले, आणि जाऊ दिले. सहाणेवर पालखी होती. दगडावर रक्त वाळून काळे झाले होते आणि त्यावर कुणीतरी गुलाल टाकला होता, सणाचे दिवस म्हणून.

आबा, म्हणजे थोरल्या पातीचे म्होरके, गिरणीच्या ओट्यावर बसले होते. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, अतिशय शांत. शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या गावचा पोलीसपाटील होता, त्यामुळे कायद्याचीही उपस्थिती होती. आत फिटरला लाकडी खांबाला बांधले होते, दोरीने नव्हे, इंजिनाच्या जुन्या पट्ट्याने. आदल्या दिवशीच त्याला मार बसला होता. ओठ फाटला होता, एका बाजूच्या बरगड्यांवर काळेनिळे वळ होते, आणि श्वास घेताना तो त्या बाजूला वाकत होता. जमिनीवर, त्याच्या पायांपुढे, भात कांडायचे मुसळ ठेवले होते. ते कशासाठी हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मी आबांना सांगितले की काल मी चुकीचे बोललो.

"म्हंजे शंभराचा ल्हान?" आबा म्हणाले.

"शंभराचा मोठाच. पण एकाच तारेत ओवला की तो कमी पेटतो. मी मोजून दाखवतो. मग तुम्ही ठरवा."

"काल मोजलं नव्हतंत?"

"नाही."

त्यांनी आत मान वळवली. "सोडा त्याला," ते म्हणाले. "तारा कोन जोडणार मंग."

पट्टा सोडला. फिटर खाली बसला, मग खांबाला धरून उठला. मी त्याच्याजवळ जाऊन हळू म्हणालो की घाबरू नको, चूक माझी आहे, मी ती निस्तरतो. त्याने फाटलेल्या ओठाने उत्तर दिले, "मास्तर, तुमी मधी पडू नका. ठरलंय ते होऊन जाऊ द्या."

मार खाऊन माणूस खचतो, असे मला वाटले. मी त्याच्या पाठीवर थोपटले.

सहाणेवरचे दोन्ही दिवे काढून गिरणीत आणले. धाकट्यांना बोलावणे गेले. आपला दिवा म्हटल्यावर ते आलेच, दहा-बारा जण, काठ्यांसकट, आणि भिंतीच्या डाव्या बाजूला उभे राहिले. थोरले उजव्या. दारे लावून अंधार केला. इंजिन सुरू झाले. फिटरने दिवे पुन्हा एकाच तारेत ओवले आणि मी सांगितले तसे अँपिअरचे यंत्र मधे बसवले. पुन्हा तेच: एक तांबूस, एक पांढरा. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी काठ्या जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

मी आधी यंत्र थोरल्यांच्या दिव्याच्या अलीकडे ठेवायला लावले, मग दोघांच्या मधे, मग धाकट्यांच्या पलीकडे. काटा तिन्ही वेळा पासष्ट शतांश अँपिअरवर थांबला. "वीज कुणाचीच उष्टी नाही," मी म्हणालो. "जेवढी आत गेली तेवढीच बाहेर आली. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही." हे दोन्ही बाजूंना आवडले नाही.

मग पाटीवरचे व्होल्टचे घड्याळ. डायनामोवर दोनशे. फिटरने त्याच्या तारा सोडून थोरल्यांच्या दिव्याच्या दोन टोकांना लावल्या: बासष्ट. धाकट्यांच्या टोकांना लावल्या: एकशे अडतीस. मी कोळशाने भिंतीवर लिहीत गेलो. बासष्टला पासष्ट शतांशाने भागले, सुमारे पंच्याण्णव ओहम. एकशे अडतीसला भागले, दोनशे बारा. माझ्या कालच्या हिशेबात शंभर आणि दोनशे आले होते. पण दिवा तापला की जास्त अडवतो आणि निवला की कमी, म्हणून एवढा फरक. आता गुणाकार: थोरल्यांचा दिवा चाळीस वॅट, धाकट्यांचा नव्वद.

आकडे भिंतीवर होते आणि चेहरे कोरे होते. तेव्हा मी गाडीचा दाखला दिला. भाताने भरलेली एकच गाडी पोलादपूरपर्यंत सपाटीने येते आणि पुढे कशेडीचा घाट चढते. गाडी तीच, बैल तेच, ओझे तेच. पण बैलाला घाम कुठे फुटतो? घाटात. शक्ती खर्च होते ती घाटात. हा पन्नासाचा दिवा म्हणजे घाट; तार बारीक, वाट अवघड. शंभराचा म्हणजे सपाट रस्ता. वीज तिथून विनासायास निघून जाते, म्हणून तो तापत नाही. यात फिटरचा हात कुठेच नाही.

"म्हंजे आमी सपाट," आबा म्हणाले.

"दिवा सपाट, आबा."

"दिवा आमचा हाय."

डाव्या भिंतीकडून कुणी हसले. पण धाकट्यांचा म्होरक्या हसत नव्हता. ज्याला निखाऱ्यांत बसवले होते त्याचा तो मुलगा. त्याने विचारले, "मंग मास्तर, आमचा दिवा देवानं पेटिवला नाय?"

"नाही."

"ल्हान हाय म्हनून पेटला?"

"तसे म्हणता येईल."

त्याची काठी मी पाहिली नाही. माझा डावा खांदा एकदम गरम झाला आणि मी भिंतीवर आपटलो. आकड्यांवरच, कारण पुढे सदऱ्यावर कोळसा निघाला. माझ्या अंगावर हात टाकला म्हणून, की निमित्त मिळाले म्हणून, उजवी भिंत पुढे आली. बंद दारांच्या आत, दोन दिव्यांच्या उजेडात, वीस-पंचवीस माणसे काठ्या चालवीत होती. काठी फिरवायला जागा नव्हती, म्हणून लवकरच कोपरे, डोकी आणि दात यांवर आले. एकाने माझ्यासमोर दुसऱ्याचे डोके धरून संगमरवरी पाटीवर तीनदा आपटले. तिसऱ्या वेळी पाटी फुटली. शंभराचा दिवा आधी फुटला. तारेत ओवलेला असल्यामुळे त्याच्याबरोबर पन्नासाचाही विझला. अंधारात थोडा वेळ मारामारी चालू राहिली, मग आपण कुणाला मारतो ते कळेना म्हणून थांबली. दारे उघडली. धाकटे आपल्या दोघांना उचलून घेऊन गेले. त्यांतला एक चालू शकत नव्हता आणि पुढे कधी नीट चाललाही नाही.

आबा एवढा वेळ ओट्यावरच बसून होते. आत येऊन त्यांनी भिंतीवरचे आकडे पाहिले, जेवढे उरले होते तेवढे.

"मास्तरांचं पटलं," ते म्हणाले. "फिटरानं लबाडी केली नाय."

माझ्या खांद्यात ठणका होता, तरी मला त्या क्षणी जे वाटले त्याला आनंदच म्हणावे लागेल. मी फिटरकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हते.

"पन देवापुढं मी बोललोय," आबा पुढे म्हणाले. "हात मोडीन म्हनालो. पालखी बसलीय. बोललेलं परत घेता येत नाय."

मी म्हणालो, निर्दोष माणसाचा हात मोडायचा हा कुठला न्याय. मी बरेच बोललो. तो परका, पोट हातावर, उजवा हात गेला तर तो जेवणार कसा, देवाला नमस्कार कुठल्या हाताने करणार. उजव्या हातावर मी फार भर दिला. आबा ऐकत होते. शेवटी त्यांनी मिशीवरून बोटे फिरवली.

"खरं हाय तुमचं. जेवणाचा हात. उजवा राहू दे त्याचा." पुतण्याकडे वळून ते म्हणाले, "डावा मोडा. देवापुढं हात बोललो व्हतो. कंचा त्ये देव इचारनार नाय."

फिटर तेव्हा पहिल्यांदा धडपडला. तिघांनी त्याला दाबून धरला. तो काहीतरी म्हणत होता, पण फाटलेल्या ओठामुळे आणि छातीवर बसलेल्या माणसामुळे शब्द कळले नाहीत. आणि माणसे अशा वेळी काहीही म्हणतात. डावा हात कोपरापासून उंबऱ्याच्या दगडावर आडवा ठेवला. मुसळ दोनदा खाली आले. पहिल्यांदा हाड वाजले, दुसऱ्यांदा वाजायला काही उरले नव्हते. आबांनी सहाणेच्या दिशेने हात जोडले. पोलीसपाटलाने सांगितले की इंजिनाच्या पट्ट्यात हात सापडला अशी नोंद होईल, आणि साक्षीदार म्हणून माझे नाव घालू का असे विचारले. मी नको म्हणालो. तेवढे धैर्य मी दाखवले.

गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून त्याचा हात बांधला आणि माझा खांदा ओढून जागेवर बसवला. आम्ही दोघे त्याच्या पडवीत शेजारी शेजारी बसलो होतो. दुपार टळली होती. माझ्या मनात, खोटे कशाला सांगू, थोडे समाधान होते. सगळे वाचले नव्हते, पण उजवा हात वाचला होता, आणि तो गणिताने वाचला होता. मी तसे त्याला म्हणालोही.

त्याने कामट्यांवरची गाठ चाचपली.

"मास्तर, मी म्हनालो व्हतो, मधी पडू नका."

"अरे, पण उजवा वाचला ना?"

"उजव्यानं मी फकस्त जेवतो," तो म्हणाला. "ल्हानपनी आयेनं डाव्यावर पळीनं चटके देऊन देऊन तेवढं शिकिवलं. बाकी काम सगळं डाव्यानं."

मग मला आठवले. गिरणीत तारा सोडताना, बांधताना, यंत्र तीन जागी बसवताना पेचकस त्याच्या डाव्या हातात होता. पाऊण तास मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

मी काट्याकडे पाहत होतो. तो पासष्ट शतांशांवर होता.